अब्रूची वसुली

कार्ड नवऱ्याचे, सही त्याची, उधळपट्टीही त्याचीच. तो फोन बंद करून बसला की वसुलीवाले गाठतात बायकोला! गेल्या महिन्यात केंद्रावर आलेली एक ताई मंगळसूत्र मोडायला निघाली होती. "शेजारी ऐकतात हो," एवढेच म्हणाली. मी तिला थांबवले. ती जामीनदार नाही, मग हे कर्ज तिचे कसे? सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन नकोत, घरच्यांची मानहानी नको, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बँकांना बजावले. तरी वसुली चालते कशावर? आपल्या लाजेवर! मैत्रिणींनो, तडजोड करायची तर ती कार्डवाल्याने करावी, तीही बँकेचे पत्र हातात आल्यावरच. धमकीची तक्रार मात्र तिने स्वतः पोलिसात द्यावी. सोबत आपण जाऊ.