लवाद रुग्णाच्या मर्जीनेच हवा



वैद्यकीय हलगर्जीपणाचे दावे लवादाकडेच सोपवावेत, ही आपल्या पत्रलेखकांची सूचना मला मान्य नाही. ग्राहक आयोगात वर्षे जातात, हे त्यांचे म्हणणे खरे. पण चाकणचा कंत्राटी कामगार मध्यरात्री बायकोला दाखल करताना छापील अर्ज वाचून सही करतो का? त्यात लवादाचे कलम असले, तर त्या सहीला संमती कसे म्हणायचे?

शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात ग्राहक कायद्याखाली आणली. २००७ मधील निकालाने ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) रुग्णालयेही त्यात आली. पगारातून वर्गणी कापली जाणाऱ्या पिंपरी-चिंचवडच्या कामगारांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे. लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही, हे एमार या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात २०१८ साली ठरले. मृत्यू किंवा गंभीर इजेची प्रकरणे तर २०२० च्या नियमांनी आयोगाच्या मध्यस्थीतूनही वगळली आहेत, आणि ते योग्यच आहे.

वाद उद्भवल्यावर रुग्णाने स्वतःहून लवाद निवडला, तर माझी हरकत नाही. मात्र आधी केसपेपर त्याच्या हाती पडू द्या. मागणीनंतर ७२ तासांत ते देणे डॉक्टरांवर २००२ च्या नियमावलीने बंधनकारक आहे.

— एक वाचक, चिंचवड