‘खाणे’ आणि ‘चि’ : एका क्रियापदाची वाट

इंग्रजी ‘ईट’ला हौसा भाषेत ‘चि’ आणि ‘ड्रिंक’ला ‘शा’ असे प्रतिशब्द दिले की काम संपले, अशी समजूत आढळते. उत्तर नायजेरिया व नायजर येथील ही भाषा भारतीय अभ्यासकापर्यंत बहुधा इंग्रजीच्या मार्फतच पोहोचत असल्याने तोही या समजुतीचा वारसदार ठरतो. वस्तुतः हौसा भाषेत ऊस व संत्रे खात नाहीत, ‘पितात’, तंबाखूही पितात. (या शेवटच्या बाबतीत विडी पिणारा मराठी खेडूत त्यांचा सख्खा भाऊ शोभावा.) बार्जरी यांच्या १९३४ च्या हौसा-इंग्रजी कोशात ‘चि’चे लाक्षणिक प्रयोग विपुल आहेत, दोष आहे तो इंग्रजी शब्दापासून सुरू होणाऱ्या उलट्या प्रवासाचा.

खरा पेच याहून खोल आहे. हौसात शहर ‘खाल्ले’ म्हणजे जिंकले, परीक्षा ‘खाल्ली’ म्हणजे तीत उत्तीर्ण झाला. मार मात्र ‘प्यायचा’, हालही प्यायचे. खाणारा वरचढ ठरतो आणि पिणारा सोसतो, ही विभागणी फिलिप जॅगर व मालामी बूबा यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविली आहे. मराठीत मार, ठेच, धक्के, बोलणी ही सारी खायचीच! हौसात जेत्याचे असलेले क्रियापद मराठीत असे पराभूताच्याही वाट्याला येते.

तरीही दोन्ही भाषांची एका ठिकाणी गाठ पडते. लाचखोरीला हौसात ‘चिन हांचि’ म्हणतात. मराठीतही लाच खाल्लीच जाते. ‘चि अमाना’ म्हणजे विश्वासघात. त्यातील ‘अमाना’ आणि मराठीतील ‘अमानत’ यांचे मूळ एकच, अरबी. दुसऱ्याची ठेव खाणारा मराठी वाचकाला परका नाही.

म्हणूनच ‘चि गारि’चे भाषांतर करताना ‘शहर जिंकले’ एवढ्यावर थांबणे हा आळस होय. ‘शहर खाल्ले’ म्हटल्यास वाचकाला नगरपालिकेचा हिशेब आठवेल, हेही खरे. पण मुलूख ‘घशात घालणे’ हा प्रयोग मराठीत आहे, आणि तो इंग्रजी ‘कॉंकर’वरून सुचत नाही. अबूबकर इमाम यांची ‘मगाना जारि चे’ ही १९३० च्या दशकातील, पोपटाच्या तोंडून सांगितलेली कथामाला ‘शुकसप्तती’च्या वाचकाला ओळखीची वाटावी अशी आहे. तिच्या मराठी भाषांतरकाराने समोर हौसा पाठच ठेवावा, आणि त्यातील एखादा मार ‘प्यायला’ असेल, तर तो मराठीत बिनदिक्कत खाऊ द्यावा.