नवे कोणते आणि सहज सुचणारे कोणते? : बऱ्हाणपूरचे पाणी, मोबाईलच्या लहरी आणि पेटंटचा कस

तापीकाठच्या बऱ्हाणपूर शहरात जमिनीखालून पाणी आणणारी एक योजना चारशे वर्षे टिकून आहे. जहांगीरच्या काळात, १६१५च्या सुमारास, सुभेदार अब्दुल रहीम खानखाना याच्या कारकिर्दीत ती उभी राहिली. तिची आखणी तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाने केली, असे मानले जाते. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारांत अडवायचे, त्याला अत्यंत मंद उतार द्यायचा, ठरावीक अंतरावर उभ्या विहिरींसारख्या कुंड्या खोदायच्या आणि कोणत्याही यंत्राविना ते शहरापर्यंत पोहोचवायचे, अशी ही रचना आहे. शंभराहून अधिक कुंड्यांची ही साखळी कुंडी भंडारा किंवा खुनी भंडारा या नावाने ओळखली जाते. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तिचा समावेश झाला.

या भंडाऱ्याचा मोबाईलच्या लहरींशी संबंध काय, असे कोणी विचारील. मर्यादित साधन अनेकांत कसे वाटायचे, हा दोन्हीकडचा मूळ प्रश्न आहे. आणि वाटपाची एखादी युक्ती 'शोध' मानायची की जाणत्याला सहज सुचणारी गोष्ट, या प्रश्नावर आज अब्जावधी रुपयांचे दावे उभे आहेत. मार्च २०२३ मध्ये 'भारत ६जी' दृष्टिपत्र प्रसिद्ध झाले. त्यानंतर २०३० पर्यंत जगातील ६जी पेटंटांपैकी १० टक्के भारताची असावीत, असे उद्दिष्ट समोर ठेवले गेले. आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेत ६जीचा अभ्यास २०२५ मध्ये सुरू झाला आहे. त्यामुळे येत्या काही वर्षांत या विषयावरील अर्जांचा ओघ वाढणार, हे निश्चित आहे. त्यांतील खरे शोध कोणते, हे ठरवणारा पहिला माणूस पेटंट कार्यालयातील परीक्षक असतो.

गोव्यातील वाचकांना हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात, छत्तीसगड आणि गोवा या सर्वांसाठी पेटंटचे कार्यालय एकच, मुंबईतील अँटॉप हिलचे आहे. बऱ्हाणपूरच्या तरुण अभियंत्याचा अर्ज आणि फर्मागुडीच्या आयआयटीतील संशोधकाचा अर्ज एकाच दाराने आत जातो.

वाटप म्हणजे नेमके काय

मोबाईलचा मनोरा आपल्या वाट्याच्या लहरींचे बारीक तुकडे करतो. ४जी तंत्रात बारा उपवाहक लहरींचा एक गट धरतात. प्रत्येक उपवाहक १५ किलोहर्ट्झचा, म्हणजे गट १८० किलोहर्ट्झचा. वेळेचेही असेच तुकडे पाडलेले असतात. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एका वेळी असे शंभर गट मिळतात. कोणत्या क्षणी कोणता गट कोणत्या फोनला द्यायचा, हे मनोऱ्यातील नियोजक दर हजारांश सेकंदाला ठरवतो. सर्वांना पाळीपाळीने द्यायचे, ज्याचा संपर्क उत्तम त्यालाच द्यायचे, की दोहोंचा मेळ घालून कोणी उपाशी राहणार नाही असे पाहायचे, या तिन्ही पद्धती पाठ्यपुस्तकांत आहेत.

शक्तीच्या वाटपाचेही तसेच. ज्या वाहिनीत गोंगाट कमी तिथे अधिक शक्ती ओतावी, हे तत्त्व क्लॉड शॅनन यांच्या १९४०च्या दशकातील कामापासून चालत आले आहे. खडबडीत तळाच्या भांड्यात पाणी ओतले की खोल जागी ते जास्त साचते आणि वरची पातळी मात्र सर्वत्र सारखी राहते. म्हणून या पद्धतीला 'वॉटर-फिलिंग' असेच नाव पडले. तेव्हा केवळ 'चांगल्या वाहिनीला अधिक शक्ती' एवढाच दावा घेऊन आज कोणी आला, तर त्याला रिकाम्या हाताने परतावे लागेल.

कायद्याची कसोटी

पेटंट कायदा १९७०च्या कलम २(१)(जेए) मध्ये नवशोधाच्या पावलाची व्याख्या आहे. शोधात उपलब्ध ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, अथवा दोन्ही असावे आणि त्यामुळे तो त्या विद्येत निपुण असलेल्या व्यक्तीला सहज सुचण्याजोगा नसावा, असे ती सांगते. केवळ नवे असणे पुरत नाही. पूर्वी कोणी जशीच्या तशी केली नव्हती, पण जाणत्याने सहज केली असती, अशी गोष्ट इथे बाद होते.

सर्वोच्च न्यायालयाने हा धडा १९७८ मध्ये दिला, तो मिर्झापूरच्या भांड्यांच्या निमित्ताने. लेथवर भांडे घट्ट धरण्याच्या एका युक्तीवर पेटंट होते. जुन्या पद्धतीला दाबाची एक दांडी जोडण्यापलीकडे त्यात काही नाही, ही कारखान्यातील नित्याची सुधारणा आहे, असे ठरवून ते पेटंट रद्द करण्यात आले. ज्ञात घटकांची जोडणी करताना काही वेगळे फळ निघाले पाहिजे, हे तत्त्व तेव्हापासून रूढ आहे.

कुंडी भंडाऱ्याला हीच कसोटी लावून पाहता येते. जमिनीखालून मंद उताराने पाणी नेण्याची 'कनात' पद्धत इराणात फार पूर्वीपासून होती. १६१५ मध्ये एखादा परीक्षक असता, तर पहिला आक्षेप त्याने हाच घेतला असता. मग अर्जदाराला दाखवावे लागले असते की सातपुड्याच्या पायथ्याच्या खडकात, इथल्या झऱ्यांच्या पातळीवर, ती पद्धत जशीच्या तशी चालली नसती. अमुक बदल करावा लागला आणि तो इराणी जाणकारालाही सहज सुचला नसता. हे दाखवता आले तर शोध, नाही तर उत्तम बांधकाम. उत्तम बांधकामाचा मान कमी नाही. पण त्यावर वीस वर्षांची मक्तेदारी मिळत नाही.

एक कल्पित अर्ज

आजचे उदाहरण कल्पनेने घेऊ. बऱ्हाणपूर जिल्ह्यात केळीच्या बागा मोठ्या प्रमाणावर आहेत आणि ठिबक सिंचनही रुजले आहे. समजा, बागेतील मातीचा ओलावा मोजणारी शेकडो उपकरणे मोबाईलच्या जाळ्यावर माहिती पाठवतात आणि त्यांच्या लहरी-वाटपाच्या पद्धतीवर अर्ज येतो.

पहिला दावा असा: प्रत्येक उपकरणाला ठरावीक कालांतराने राखीव तुकडा द्यावा. हे नवे नाही. आवाजी संभाषणासाठी अशी अर्धस्थायी नेमणूक ४जीच्या पहिल्या मानकापासूनच आहे. दुसरा दावा: माती कोरडी असेल तर तुकडे वारंवार द्यावेत, ओली असेल तर क्वचित. हे या रूपात कुठे लिहिलेले नसेलही. परंतु गरज जास्त तिथे संधी जास्त, हा विचार निपुण अभियंत्याला करावाच लागतो. परीक्षकाने दोन जुने कागद एकत्र ठेवले तर हा दावा टिकणे कठीण.

तिसरा दावा वेगळा आहे. झडप उघडली की एका नळीवरची सारी उपकरणे एकदम जागी होतात आणि मनोऱ्याचे दार एकाच वेळी ठोठावतात. ४जीच्या एका कक्षेत या पहिल्या ठोठावण्यासाठी ६४च संकेत असतात. त्यामुळे टकरी होतात. अर्जदार म्हणतो, नळीतून पुढे सरकणाऱ्या पाण्याचा दाब प्रत्येक उपकरणापाशी वेगळ्या क्षणी पोहोचतो. त्या दाबालाच घड्याळ मानावे. मग मनोऱ्याने एकही वेगळी सूचना न देता उपकरणांच्या पाळ्या आपोआप लागतील. टकरींवरचा ज्ञात उपाय मनोऱ्याकडून पाळ्या वाटण्याचा आहे. पाण्याकडून पाळी घ्यावी, असे सुचवणारा जुना कागद सापडला नाही, तर इथे नवशोधाचे पाऊल आहे असे म्हणण्यास आधार मिळतो.

मात्र धोका इथेच आहे. उत्तर वाचून झाल्यावर कोणतेही उत्तर सोपे वाटते. 'दाबाचा फरक तर सर्वांना ठाऊक आहे' असे पश्चातबुद्धीने लिहून अर्ज फेटाळणे सहज शक्य आहे. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे की अर्जाच्या तारखेपूर्वी, हा अर्ज न वाचलेल्या निपुण व्यक्तीला त्या दिशेने जाण्याचे काही कारण होते काय. दिल्ली उच्च न्यायालयाने ॲग्रिबोर्ड प्रकरणात मार्च २०२२ मध्ये म्हटले की नियंत्रकाने पूर्वज्ञान काय, अर्जातील शोध काय आणि निपुण व्यक्ती एकापासून दुसऱ्यापर्यंत कशी पोहोचली असती, या तिन्हींचा विचार करावा. नुसता निष्कर्ष पुरेसा नाही. त्याच वर्षी ॲव्हरी डेनिसन प्रकरणात, साध्या दिसणाऱ्या बदलातही नवशोध असू शकतो आणि जुना कागद व नवा शोध यांच्यातील काळाचे अंतर हीही एक खूण आहे, असे त्या न्यायालयाने सांगितले.

लहरी-वाटपाच्या अर्जांपुढे आणखी एक अडसर असतो. कलम ३(के) नुसार गणिती पद्धती, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम पेटंटयोग्य नाहीत. वाटपाचा नियम हा मुळात हिशेबच असतो. त्यामुळे टकरी किती घटल्या, शक्ती किती वाचली, असा प्रत्यक्ष तांत्रिक परिणाम अर्जात दाखवावा लागतो. फरीद अल्लानी प्रकरणात २०१९ मध्ये न्यायालयाने याच तांत्रिक परिणामावर भर दिला होता.

किंमत कोण मोजतो

या क्षेत्रातील पूर्वज्ञान विलक्षण विपुल आहे. थ्रीजीपीपीच्या प्रत्येक बैठकीला कंपन्या शेकडो प्रस्तावपत्रे सादर करतात आणि ती सर्वांना खुली असतात. अनेकदा प्रस्ताव मांडण्याच्या थोडेच दिवस आधी त्याच विषयावर पेटंटचा अर्ज दाखल होतो. शेजारच्या टेबलावरील प्रस्तावात किरकोळ भर घालून केलेला अर्ज आणि खरी नवी वाट यांत फरक करायचा, तर परीक्षकाला ही सारी कागदपत्रे चाळण्याइतका वेळ आणि साधने हवीत. युरोपातील ईटीएसआय या संस्थेकडे कंपन्या आपली पेटंटे 'मानकासाठी आवश्यक' म्हणून स्वतःच घोषित करतात. ती संस्था त्यांची पडताळणी करत नाही. म्हणजे गाळणी लावण्याची जागा पेटंट कार्यालय हीच.

तिथे गाळणी सैल राहिली तर पुढे काय होते, हे मार्च २०२४च्या एका निकालात दिसले. एरिक्सन आणि लावा यांच्यातील, २०१५ पासून चाललेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने लावाला सुमारे २४४ कोटी रुपये भरपाई देण्यास सांगितले. पुढे आलेल्या आठ पेटंटांपैकी एक मात्र न्यायालयाने अवैध ठरवले. बाकीची टिकली, हे खरे. पण न टिकणाऱ्या एकाचाही निवाडा होण्यास नऊ वर्षे लागली. असा खर्च शेवटी फोनच्या किमतीत उतरतो आणि तो मोजणारा ग्राहक केळीच्या बागेतला असतो, तसाच मांडवीकाठचाही.

गाळणी अतिघट्ट झाल्यास दुसरे नुकसान होते. ग्रामीण भारतासाठी दूरदूरच्या मनोऱ्यांवर, सहा किलोमीटर अंतरानेही चालणाऱ्या जाळ्याची गरज भारतीय संस्थांनी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघापुढे मांडली आणि ती ५जीच्या अपेक्षांत समाविष्ट झाली. आयआयटी हैदराबाद, आयआयटी मद्रास व चेन्नईच्या सीईडब्ल्यूआयटीने त्यासाठी '५जीआय' हे तंत्र घडवले. पुढे ते थ्रीजीपीपीच्या मानकात विलीन झाले. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरांतून किंवा सातपुड्याच्या पाड्यांतून निघणारे प्रश्न असेच वेगळे असतात. त्यांची उत्तरे बाहेरच्यांना साधी वाटण्याचा संभव अधिक. कारण न देता 'सहज सुचणारे' असा शिक्का बसला, तर अपिलाचा खर्च मोठ्या कंपनीला झेपतो, छोट्या अर्जदाराला नाही.

काय करता येईल

सरकारने प्रक्रिया वेगवान केली आहे. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे. २०२४च्या दुरुस्तीने परीक्षणाची विनंती करण्याची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आणली. एका वर्षात एक लाखाहून अधिक पेटंटे दिली गेल्याचेही सरकारने अभिमानाने सांगितले. परंतु १० टक्क्यांचे उद्दिष्ट केवळ संख्येने गाठायचे ठरले, तर पहिल्या आणि दुसऱ्या दाव्यासारख्या अर्जांचे पीक येईल आणि तिसरा दावा त्या गर्दीत हरवेल. न्यायालयात न टिकणारे पेटंट देशाच्या खात्यात जमा दिसते, पण वाटाघाटीच्या टेबलावर त्याचे मोल शून्य असते.

त्यामुळे तीन गोष्टी अगत्याच्या ठरतात. परीक्षकांना मानक-बैठकांची कागदपत्रे शोधण्याची साधने व पुरेसा वेळ मिळावा. प्रत्येक नकारात आणि प्रत्येक मंजुरीत कारणमीमांसा असावी. आज नकाराची कारणे निदान मागता येतात, मंजुरीची बहुधा कोणी मागत नाही. आणि कलम २५ खालील विरोध नोंदवण्याची तरतूद, जी औषधांच्या क्षेत्रात रुग्णसंघटनांनी प्रभावीपणे वापरली, ती दूरसंचाराच्या क्षेत्रात विद्यापीठांनीही वापरावी. पेटंट मिळण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती असा विरोध करू शकते. गोव्यातील अभियांत्रिकी संस्थांकडे त्यासाठी लागणारी विद्या आहे.

कुंडी भंडाऱ्यात दर कुंडीपाशी पाणी वर दिसते, तपासता येते आणि मग पुढे जाते. पेटंटच्या प्रक्रियेतही परीक्षण, विरोध आणि अपील अशा कुंड्या आहेत. पहिल्याच कुंडीत गाळ बसू दिला, तर पुढच्या सर्व कुंड्यांवर त्याचा भार पडतो. ६जीचे अर्ज येऊ लागले असताना तिथला उपसा आधी व्हायला हवा.