नेटवर्क बांधून शिकवावे : गुरुग्राम विद्यापीठास खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि संगणकशास्त्र अभ्यास मंडळाचे सन्माननीय सदस्य,
गुरुग्राम विद्यापीठ, गुरुग्राम, हरियाणा

विषय : पदवी अभ्यासक्रमातील ‘संगणक नेटवर्क’ या विषयाचे अध्यापन



इंटरनेट हे निरनिराळ्या मालकीच्या हजारो नेटवर्कांचे जाळे आहे. त्याला मुख्य कचेरी नाही, एक मालकही नाही. काही समाईक नियम सर्वांनी पाळायचे, एवढ्यावर ते चालते. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. तार तुटू शकते, यंत्र बंद पडू शकते, माहितीचा तुकडा, म्हणजे पॅकेट, वाटेत हरवू शकतो. तरीही संदेश पोचतो. तो का पोचतो, हे विद्यार्थ्याला नेमके सांगता यावे, हे या विषयाचे साध्य आहे. व्याख्या पाठ करून ते साधत नाही. लहानसे का होईना, पण नेटवर्क स्वतः बांधून, बिघडवून आणि दुरुस्त करूनच ते साधते.

गुरुग्रामसाठी हा विषय पोटापाण्याचाही आहे. जीई कंपनीने १९९७ मध्ये येथे सुरू केलेल्या आणि पुढे जेनपॅक्ट या नावाने ओळखल्या गेलेल्या केंद्रातून परदेशी ग्राहकांची कामे होऊ लागली. दूरसंचार वाहिन्यांनी अंतर पुसले, म्हणून हे शक्य झाले. भारती एअरटेलचे कार्यालयही याच शहरात, उद्योग विहारमध्ये आहे. पुणे, नाशिक, नागपूर येथून पदवी घेऊन येणारी मराठी मुले आणि हरियाणातील मुले येथे एकाच कचेरीत बसतात. २०१७ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ अजून तरुण आहे आणि अभ्यासक्रमाला वळण लावण्याची हीच वेळ आहे.

बांधून शिकण्याची ही रीत भारताला नवी नाही. देशात इंटरनेट आले तेच शिक्षणसंस्थांच्या हातून. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हा प्रकल्प सुरू केला. मुंबईच्या जुहू येथील एनसीएसटी ही संशोधन संस्था, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि स्वतः विभाग, असे आठ भागीदार होते. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८७ मध्ये साध्या टेलिफोन लाइनवरून ईमेल सुरू झाली. दिल्ली-मुंबई ही सेकंदाला ९,६०० बिटची पहिली भाड्याची वाहिनी १९९१ मध्ये आली. त्या वाहिनीवर आजच्या मोबाइलमधला ५ मेगाबाइटचा एक फोटो पाठवायला तासाहून जास्त वेळ लागला असता. एनसीएसटीचे तेव्हाचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचा २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. म्हणजे प्रयोगशाळांमध्ये ते काही वर्षे आधीच नांदत होते.

अर्नेटच्या इतिहासात अभ्यासक्रमासाठी एक मोलाचा धडा आहे. नेटवर्कच्या ‘ओएसआय’ या नमुन्याचे सात थर ओळीने लिहा, हा प्रश्न परीक्षेत वर्षानुवर्षे विचारला जातो. अर्नेटने मात्र आरंभी ओएसआय आणि टीसीपी/आयपी हे दोन्ही प्रोटोकॉल-संच प्रत्यक्ष चालवले. १९९५ पासून जवळपास सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर आली. दोन रचनांपैकी एक टिकली आणि दुसरी पुस्तकात उरली, हे विद्यार्थ्याला याच देशाच्या उदाहरणावरून दाखवता येते. थरांची कल्पना उपयोगी आहेच. पण प्रत्येक थर कोणत्या अडचणीवर उतारा म्हणून आला, हे समजले तरच ती उपयोगी पडते. म्हणून विषयाची मांडणी अडचणींच्या क्रमाने व्हावी.

पहिली अडचण अंतराची. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. गुरुग्राम ते मुंबई ही वाट १,४०० किलोमीटर धरली, तर जाऊन-येऊन १४ मिलिसेकंद लागतात. यापेक्षा लवकर उत्तर येणे शक्य नाही. टीसीपीने जोडणी करायला एक फेरी, सुरक्षित संवाद ठरवायला आणखी एक आणि पान मागवायला तिसरी, अशा तीन फेऱ्यांचे ४२ मिलिसेकंद होतात. १२,००० किलोमीटरवरच्या अमेरिकी सर्व्हरसाठी हाच हिशेब ३६० मिलिसेकंदांवर जातो. घरच्या जोडणीचे मेगाबिट दुप्पट केले तरी हा वेळ घटत नाही. वेग आणि विलंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने हा हिशेब मांडून ‘पिंग’ या आज्ञेने पडताळला, तो पुढे कधी विसरत नाही.

दुसरी अडचण पत्त्याची. येथे भारतीय विद्यार्थ्याला टपालाचा पिन कोड उपयोगी पडतो. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या योजनेतून तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. १२२००१ मधल्या पहिल्या १ वरून उत्तर विभाग कळतो, १२२ वरून गुरुग्रामचा वर्गवारी जिल्हा आणि उरलेल्या तीन अंकांवरून वाटप करणारे टपाल कार्यालय. दूरच्या कार्यालयाला सुरुवातीचे अंक पुरतात. आयपी पत्ताही वाट ठरवणारा राउटर असाच डावीकडून वाचतो आणि त्याच्या तक्त्यातील सर्वांत लांब जुळणारी नोंद निवडतो. फरक एवढाच की आयपीच्या सुरुवातीच्या अंकांवरून नेटवर्क कळते, गाव नव्हे. अर्नेटला १९९० मध्ये १४४.१६.०.० ही मालिका मिळाली, तीत ६५,५३६ पत्ते होते. बत्तीस बिटांच्या या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४३० कोटीच. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. भारतात २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा आल्यानंतर १२८ बिटांचे आयपीव्ही६ वेगाने पसरले आणि आज देशातील निम्म्याहून अधिक वापर त्यावर होतो. असे असताना आयपीव्ही६ हा शेवटचा, वेळ उरला तर शिकवायचा धडा राहू नये.

तिसरी अडचण वाटेची. स्वतंत्र नेटवर्के आपल्याकडे कोणते पत्ते आहेत हे शेजाऱ्यांना बीजीपी या प्रोटोकॉलने कळवतात आणि शेजारी त्यावर विश्वास ठेवतात. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरते यूट्यूब बंद करताना यूट्यूबच्या पत्त्यांचा एक लहान गट आपलाच म्हणून जाहीर केला. ती घोषणा देशाबाहेर गेली, अधिक नेमकी असल्यामुळे जगभरच्या राउटरांनी मान्य केली आणि सुमारे दोन तास यूट्यूब अनेक ठिकाणी दिसेनासे झाले. लांब नोंद जिंकते या एका नियमाचा परिणाम केवढा होतो, हे येथे कळते. वाटेचा अर्थकारणाशीही संबंध आहे. देशातल्या देशात जाणारी माहिती परदेशी वळसा घेऊन येऊ नये, यासाठी २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या केंद्रांत मुंबई होती आणि गुरुग्रामला जवळचे नोएडाही होते. ट्रेसराउट चालवून आपले पॅकेट कुठून जाते हे पाहणे, हे पहिल्याच महिन्यातले प्रात्यक्षिक असावे.

चौथी अडचण गर्दीची, आणि सगळ्या विषयात ती सर्वांत शिकण्याजोगी आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यातल्या जेमतेम ४०० यार्डांच्या वाटेवर वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. तार शाबूत होती. पॅकेट हरवले की प्रत्येक संगणक ते लगेच पुन्हा पाठवी, त्यामुळे तुंबलेली वाट आणखी तुंबे. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला : हळू सुरुवात करावी, पोच येत राहील तसा वेग वाढवावा आणि पॅकेट हरवले की वाट तुंबली असे समजून झटकन मागे यावे. हा संयम कोणताही पहारेकरी पाळायला लावत नाही. टोकाचे संगणक स्वतःहून पाळतात. सार्वजनिक संपत्ती अनेकांनी मिळून कशी वापरावी, याचा इतका सुंदर पाठ अभियांत्रिकीत दुसरीकडे क्वचितच सापडेल. तो अर्ध्या पानाच्या टिपेत संपवू नये.

पाचवी अडचण नावांची. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये रचलेली डीएनएस ही व्यवस्था नावांवरून पत्ते शोधून देते. २०१४ मध्ये देवनागरी ‘.भारत’ सुरू झाल्यापासून हिंदी आणि मराठी नावेही देता येतात. डीएनएसमधून मात्र ती रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात जातात. देवनागरी नाव टाकून वायरशार्क या पॅकेट पकडणाऱ्या प्रोग्राममध्ये ती विचारणा उघडून पाहणे, हे हरियाणातल्या आणि महाराष्ट्रातल्या मुलांसाठी सारखेच जवळचे प्रात्यक्षिक ठरेल.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. जुने संगणक, काही स्विच, केबल आणि मोफत लिनक्स एवढ्यावर प्रयोगशाळा उभी राहते. जागा कमी असेल तर मिनिनेट हे सॉफ्टवेअर एकाच संगणकात पूर्ण नेटवर्क उभे करते. लिनक्समधील नेटएम वापरून मुद्दाम विलंब किंवा गळती घालता येते, म्हणजे १९८६ सारखी तुंबलेली वाट टेबलावर अनुभवता येते. पॅकेट पकडण्याचे काम मात्र प्रयोगशाळेच्याच नेटवर्कवर व्हावे. इतरांचा संवाद त्यांच्या संमतीवाचून पाहायचा नाही, हा नियम पहिल्या तासाला सांगावा आणि कारणासह सांगावा.

या सर्वाला धरून अभ्यास मंडळापुढे चार विनंत्या आहेत. पहिली, निम्मे गुण प्रात्यक्षिकाला असावेत आणि आदल्या वर्षीचे जर्नल उतरवून ते मिळू नयेत : परीक्षकाने बिघडवलेले नेटवर्क विद्यार्थ्याने दुरुस्त करावे आणि दोष कसा सापडला ते तोंडी सांगावे. दुसरी, लेखी परीक्षेत व्याख्येऐवजी हिशेब आणि कारणे विचारावीत. एखादी पॅकेट-नोंद छापून ‘येथे काय घडले?’ एवढा प्रश्न पुरेसा आहे. तिसरी, विषय दर तीन वर्षांनी तपासावा. २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक प्रोटोकॉल जोडणी आणि सुरक्षा यांच्या फेऱ्या एकत्र करतो. वर मांडलेला तीन फेऱ्यांचा हिशेबही त्यामुळे बदलतो. चौथी, समजावणे विद्यार्थ्याच्या भाषेत व्हावे. २०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीला वाट दिली आणि पिंपरी-चिंचवडमध्ये संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू झाली. पॅकेट, राउटर, पोर्ट हे शब्द तसेच ठेवावेत. कारणमीमांसा हिंदीत किंवा मराठीत लिहिणाऱ्याचे गुण त्यापायी कमी होऊ नयेत.

हे चार बदल विद्यापीठाच्या स्वतःच्या अधिकारात बसतात. येत्या शैक्षणिक वर्षासाठी मंडळाने त्यांचा विचार करावा, ही आग्रहाची विनंती.

कळावे.