शेत एकाचे, नवल दुसऱ्याचे

जून संपत आला की दक्षिण इंग्लंडमधील विल्टशर आणि हॅम्पशर या परगण्यांतील शेतकऱ्यांना पावसाइतकीच आणखी एका गोष्टीची धास्ती वाटू लागते. रात्री उभा असलेला गहू किंवा जव सकाळी एखाद्या ठिकाणी नेमका वर्तुळाकार लोळलेला आढळतो. काड्या एकाच दिशेने वळवून जमिनीसरशा दाबलेल्या असतात. बातमी पसरली की वर विमान घिरट्या घालू लागते, कुंपणाशी मोटारींची रांग लागते. गेली चार दशके हा उन्हाळी हंगाम कमीअधिक प्रमाणात चालू आहे. ही वर्तुळे कोण काढतो, या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्च झाली. त्यांचा खर्च कोणाच्या खाती पडतो, हे मात्र क्वचितच कोणी विचारले.

वस्तुतः पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९९१ च्या सप्टेंबरातच मिळाले होते. साउदॅम्प्टनचे डग बाउअर आणि डेव्ह चोर्ली या साठी उलटलेल्या दोन मित्रांनी ‘टुडे’ या दैनिकापाशी कबुली दिली की, सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून आपण रात्री शेतात शिरून वर्तुळे काढीत आलो आहोत. साहित्य म्हणजे एक फळी, तिला बांधलेला दोर आणि रेषा सरळ राहावी म्हणून टोपीला अडकवलेली तारेची कडी. फवारणीच्या ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीतून चालत गेले की पिकात पाऊलवाट उमटत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये १९६६ साली एका पाणथळ जागेतील लव्हाळे गोलाकार लोळलेले सापडले होते आणि त्याचा संबंध उडत्या तबकडीशी जोडला गेला होता. त्या देशात काही वर्षे काढून आलेल्या बाउअरला ते स्मरत होते, आणि विंचेस्टरजवळ मित्राबरोबर घालविलेल्या एका संध्याकाळी ही थट्टा सुचली. मोटारीने तोडलेल्या मैलांचा आकडा पाहून बाउअरच्या पत्नीला भलताच संशय आला, तेव्हा त्याला पहिली कबुली घरातच द्यावी लागली, असेही सांगतात.

या थट्टेला आकार दिला तो मात्र विद्वानांनी. हवामानाचे अभ्यासक टेरेन्स मीडन यांनी वावटळीच्या एका विशेष प्रकाराने वर्तुळे पडतात, असा सिद्धांत मांडला. वारा गोल फिरतो, तेव्हा वर्तुळापुरते हे पटण्याजोगे होते. त्यावर या दोघांनी आकृतीत सरळ रेषा घातल्या, कारण वारा काटकोनात वळत नाही. निवृत्त अभियंता पॅट डेल्गाडो आणि त्यांचे सहकारी कॉलिन अँड्र्यूज यांचा कल अज्ञात बुद्धीकडे होता. त्यांचे १९८९ सालचे पुस्तक चांगले खपले. १९९० च्या जुलैत अँड्र्यूज यांनी बी.बी.सी. आणि एका जपानी दूरचित्रवाणी संस्थेच्या साहाय्याने रात्रंदिवस कॅमेरे लावून पहारा ठेवला. एका पहाटे आकृत्या उमटल्याची वार्ता उत्साहाने जाहीर झाली. प्रत्यक्ष जाऊन पाहिले, तर वर्तुळांच्या मध्यभागी मुलांच्या खेळाचा एक पट आणि लाकडी क्रूस ठेवलेले! पुढे कबुलीच्या वेळी ‘टुडे’ने त्या दोघांकडून एक आकृती काढवून घेतली. डेल्गाडो यांनी ती पाहून हे मनुष्याचे काम नव्हे, असा निर्वाळा दिला. खरा प्रकार कळल्यावर त्यांनी आपण फसलो, हे उघडपणे मान्य केले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारेच होते. इतरांनी पवित्रा बदलला. काही वर्तुळे बनावट आहेत, बाकीची अस्सल, असे ते म्हणू लागले. परंतु ज्या पारख्याला खोटे नाणे डोळ्यांदेखत ओळखता आले नाही, त्याने खऱ्या नाण्याची ग्वाही द्यावी, हे कोणत्या पेढीवर चालेल?

कबुलीनंतर गिऱ्हाईक ओसरेल, अशी कोणाचीही अपेक्षा असती. घडले उलटे. १९९६ च्या जुलैत स्टोनहेंजच्या समोरच, हमरस्त्यालगत, १५१ वर्तुळांची वळत जाणारी एक प्रचंड आकृती उमटली. २००१ च्या ऑगस्टमध्ये विल्टशरमधील मिल्क हिलवर ४०९ वर्तुळांची आकृती निघाली. लोक उत्तर विकत घ्यावयास येत नव्हतेच, ते विस्मय विकत घ्यावयास येत होते, आणि त्या मालाचा पुरवठा कबुलीने कमी होत नव्हता. २००२ साली इंग्लंडमध्ये आढळलेल्या वर्तुळांच्या ठिकाणांचा अभ्यास झाला, तेव्हा ती रस्ते, वस्ती आणि प्राचीन स्मारके यांच्या आसपास दाटलेली दिसली. परग्रहवासीयांनाही दुकान रहदारीच्या जागी थाटावे लागते, असे म्हणावयाचे काय?

या व्यवहारात मद्यगृहांना गिऱ्हाईक मिळाले, विमानवाल्यांना भाडे मिळाले, छायाचित्रकारांना, दिनदर्शिका छापणाऱ्यांना आणि सहली काढणाऱ्यांना धंदा मिळाला. १९९० साली आल्टन बार्न्स येथील शेतात उमटलेली आकृती तर लेड झेपेलिन या विख्यात वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनावर झळकली. शेतकऱ्याच्या पदरी आले ते लोळलेले पीक. कंबाइन यंत्राचे पाते जमिनीलगतच्या ओंब्यांवरून निघून जाते. जे हाती येते त्यात ओल आणि माती असते. शिवाय मूळ आकृतीने होते त्याहून कितीतरी अधिक नासाडी ती पाहावयास येणाऱ्यांच्या पायांखाली होते. काही शेतकऱ्यांनी तिकीट लावले. स्टोनहेंजसमोरच्या शेतकऱ्याने चार आठवड्यांत ३०,००० पौंड गोळा केले आणि त्या जागेतील पिकाची किंमत सुमारे १५० पौंड होती, असा हिशेब तेव्हा प्रसिद्ध झाला. ज्यांना शेतकऱ्याची तक्रार मानभावी वाटते, ते हे उदाहरण नेहमी पुढे करतात. पण स्टोनहेंज एकच आहे. आडबाजूच्या शेतात विश्वासाचा म्हणून ठेवलेल्या डब्यात नाणी पडतीलच, याचा भरवसा कोणी द्यावा? म्हणूनच अनेकजण बातमी फुटण्यापूर्वी आकृतीवर यंत्र फिरवून मोकळे होतात. हे पाहून हळहळणारे रसिक त्या गव्हाची किंमत देऊ करीत नाहीत.

या प्रकाराच्या प्राचीनतेचा दाखला म्हणून हर्टफर्डशरमध्ये घडलेल्या एका प्रसंगाच्या १६७८ सालच्या चोपड्याचा नेहमी उल्लेख होतो. कापणीच्या दरावरून एका शेतमालकाचे मजुराशी वाजले. मजुराने मागितलेली रक्कम ऐकून मालक म्हणाला, यापेक्षा सैतानाकडून कापून घेईन. त्या रात्री शेत पेटल्यासारखे दिसले, आणि सकाळी ओट वर्तुळांमध्ये कापलेले आढळले. मालकाला ते उचलून नेण्याचे धैर्य झाले नाही. तेथे पीक कापलेले होते, लोळवलेले नव्हते, म्हणून आजच्या वर्तुळांशी त्याचे नाते जोडता येत नाही. उत्साही मंडळी त्यातील सैतान तेवढा उचलतात. त्यातील मजुरीचा तंटा कोणी वाचीत नाही.

ही लोककला आहे, तिला कायद्याच्या काट्यावर तोलू नये, असा एक पक्ष आहे. आकृत्यांचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. उन्हाळ्यातील चार-पाच तासांच्या अंधारात एवढी भूमिती बिनचूक आखणे हे कौशल्याचेच काम होय. परंतु दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या फळ्यावर न विचारता चित्र काढण्याचा अधिकार कौशल्याने प्राप्त होत नाही. इंग्लंडच्या कायद्यानुसार हा मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा आहे. मात्र रात्रीच्या अंधारात हात सापडणे कठीण, म्हणून खटले विरळाच. २००० साली विल्टशरमधील एका इसमास अशा प्रकरणी शिक्षा झाली, ती १०० पौंड दंडाची.

विलक्षण गोष्ट अशी की, या क्षेत्रात शेतकऱ्याची रीतसर परवानगी घेऊन आणि त्याला आधी पैसे मोजून आकृती काढणारे लोक आहेत ते जाहिरातदार. मोटारी आणि अन्य माल विकणाऱ्या कंपन्यांनी वर्तुळे काढणाऱ्या कलावंतांना कामे दिली, तेव्हा शेताचा मोबदलाही त्यांच्या खर्चात धरला गेला. शुद्ध कलेचे भक्त या जाहिरातींना नाके मुरडतात. परंतु करार करून, पावती घेऊन काढलेली आकृती पाहावयास साता समुद्रांपलीकडून कोणी येत नाही. कर्ता अज्ञात असेल तरच लोक येतात, आणि परवानगी मागावयास गेलेला कर्ता अज्ञात राहत नाही.