मालाची गाडी आणि घसरण्याचा खेळ

गेल्या पावसाळ्यांत एके सकाळीं आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील शाळेच्या फाटकापाशीं येऊन उभे राहिले. गृहस्थ मूळचे शेतकरी. हप्त्यानें एक पिकअप घेऊन राशीन, मिरजगांव या बाजूचा कांदा व लिंबें बाजारास पोंचविण्याचा धंदा ते करितात. "गुरुजी, तुमच्या शिष्यानें माझा धंदा बसविला," एवढेंच ते बोलले, आणि मग बराच वेळ गप्प राहिले. हकीकत अशी निघाली कीं, चिरंजीवांनीं मित्रांच्या सल्ल्यानें आठ-नऊ हजार रुपये जमवून ती गाडी ड्रिफ्टिंगसाठीं 'सुधारून' घेतली होती. दोन रात्रीं माळावर खेळ झाला. तिसऱ्या दिवशीं गोण्यांनीं भरलेली तीच गाडी बाजाराच्या फाटकांत वळतांना मागचा एक्सल तुटून जागींच बसली. कांदा भिजला, आणि त्या महिन्याचा हप्ता थकला.

ज्या पालकांस हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठीं सांगतों. भरधाव गाडी वळणावर मुद्दाम घसरवावयाची, मागचीं चाकें बाहेरच्या अंगास सरकूं द्यावयाचीं, आणि स्टिअरिंग उलट फिरवून तें घसरणें आपल्या हातांत ठेवावयाचें, यास ड्रिफ्टिंग म्हणतात. हा खेळ जपानचा. तेथील शर्यतपटु कुनिमित्सु ताकाहाशी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत ही रीत गाजविली, केइची त्सुचिया यांनीं ती पुढें लोकप्रिय केली, आणि २००१ पासून तिचे स्वतंत्र सामने मोठ्या प्रमाणावर होऊं लागले. त्याच देशांत ६६० घनसेंटीमीटर इंजिनाचे चिमुकले मालट्रक आहेत. मागच्या चाकांस जोर असल्यामुळें हौशी लोक तेही घसरवितात. आमच्या मुलांनीं तीं चित्रें मोबाइलवर पाहिलीं, आणि दारांत उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलें. २००५ मध्यें निघालेला 'छोटा हत्ती' हा सुमारें ७०० घनसेंटीमीटरचा, सोळा अश्वशक्तीचा, आणि त्याचाही जोर मागच्याच चाकांवर! मुलांनीं लाविलेली ही संगति खोटी नव्हे.

आम्ही शिक्षक आहों, म्हणून प्रथम मुलाची बाजू मांडतों. त्यास बोलावून आम्हीं विचारिलें, तेव्हां त्यानें डिफरन्शियलचें कार्य असें समजावून दिलें कीं, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत तें आम्हांस क्वचितच वाचावयास मिळतें. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर कापावें लागतें व आंतल्या चाकास कमी. दोहोंस वेगवेगळ्या वेगानें फिरूं देण्यासाठीं मागच्या हाउसिंगांत लहान दंतचक्रें बसविलेलीं असतात. तीं वेल्डिंगनें एकजीव केलीं कीं दोन्ही चाकें एकाच वेगानें फिरतात, दोन्ही एकदम पकड सोडतात, आणि गाडी घसरते. या खेळांतला हा सर्वांत स्वस्त उपाय. शिवाय हौदा रिकामा, त्यामुळें मागें वजन कमी. कमानीचे पाटे मालाच्या हिशेबानें कडक केलेले, त्यामुळें मागची बाजू उडती. आणि टायर जुने, गुळगुळीत. डांबरी कोरड्या रस्त्यावर सोळा अश्वशक्तीनें हें साधत नाहीं, म्हणून मुलें मुरूम किंवा ओला रस्ता शोधितात. घर्षणाचा धडा आम्हीं फळ्यावर पांच वेळां शिकविला असेल; या मुलानें तो एका रात्रींत पाठ केला.

पण तोच धडा त्यानें अर्धाच वाचला. डांबरावर, पंधरा क्विंटल ओझ्याखालीं, चाक घसरूं शकत नाहीं. दोन्ही चाकें मात्र सारखींच फिरण्याचा हट्ट धरितात. मग तो सगळा पीळ एक्सल सोसतो, आणि एके दिवशीं सोसत नाहीं. खेळासाठीं जें योग्य, तेंच ओझ्यासाठीं घातक, ही गोष्ट त्यास कोणी सांगितली नाहीं. सल्ला देणाऱ्या मित्रांच्या घरीं गाडी नव्हती, हें आमच्या नंतर ध्यानांत आलें.

येथें आमचें मत स्पष्ट सांगतों. मुलाचा दोष गाडी घसरविण्यांत नाहीं. पोटाची गाडी घसरविण्यांत आहे. आपल्या मुलखास हा भेद नवा नाहीं. बैलगाडा शर्यत पाहा. २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती बंद केली, डिसेंबर २०२१ मध्यें अटींवर परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्यें राज्याचा कायदा कायम ठरला. तीवर कोणाचें मत कसेंही असो. परंतु शर्यतीचा बैल आणि नांगराचा बैल आपला शेतकरी एक करीत नाहीं. शर्यतीच्या बैलाचा खुराक निराळा, निगा निराळी, आणि धांवण्याचा घाटही निराळा. तो कोणी भर बाजारपेठेंतून पळवीत नाहीं. पेरणी तोंडावर आली असतां औताचा बैल घाटांत नेणाऱ्यास घरची म्हातारी काय म्हणेल, हें आम्हीं लिहावयास नको.

कोणी म्हणेल, गुरुजींस गरिबाच्या पोराची कारागिरी पाहवत नाहीं. तसें नव्हे. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनीं भंगाराच्या सामानांतून, सुमारें साठ हजार रुपयांत, पायानें किक मारून सुरू होणारी चारचाकी बनविली. २०२१ च्या अखेरीस आनंद महिंद्रा यांनीं तिचें जाहीर कौतुक केलें. पण ही गाडी नियमांत बसत नसल्यानें आज ना उद्यां अधिकारी ती थांबवितील, हेंही त्यांनीं त्याच वेळीं लिहिलें, आणि पुढें जानेवारी २०२२ मध्यें तिच्या बदल्यांत लोहार यांस नवी बोलेरो मिळाली. कौतुक आणि कायदा हीं दोन्ही एकाच पत्रांत लिहितां येतात, एवढेंच यांतून आम्हांस दाखवावयाचें आहे.

आतां कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वयें निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकास करितां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें बेकायदा बदलास, दर बदलामागें, पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. चालविणारा अठरा वर्षांखालील असेल तर पालकासच तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो, आणि मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. हें पालकांनीं एकदां शांतपणें वाचावें. ताशी चाळीस किलोमीटर वेगानें गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. समोर शेळी आली हें कळेपर्यंतच तेवढें अंतर संपलेलें असतें. आमच्या तालुक्यांत तर शेळीच काय, रेहेकुरीच्या बाजूस काळवीटही आडवें येतें. आणि अरुंद, उंच गाडी आडवी सरकत असतां तिचें चाक डांबराच्या कडेस किंवा साइडपट्टीच्या खांचेंत अडकलें, तर ती घसरत नाहीं, कोलमडते.

आपल्याच जिल्ह्यांत, अहिल्यानगर येथें, संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास आस्थापना आहे. लष्करी वाहनांची परीक्षा घेण्यासाठीं तेथें स्वतंत्र चाचणी-मार्ग आहेत. ज्यांचें कामच गाडी तिच्या मर्यादेपर्यंत नेण्याचें आहे, त्यांनाही त्यासाठीं राखीव जागा लागते.

मग मुलानें करावें काय? बंद करावें असें आम्हीं म्हणत नाहीं. म्हटलें तरी तो रात्रीं जाईल. रस्त्यावरून उतरलेली, भंगारांत निघालेली एखादी गाडी चौघांनीं मिळून घ्यावी. मालकाच्या संमतीनें स्वतःच्या किंवा ओळखीच्या पडीक रानांत, दिवसा, ती चालवावी. पैसा थोडा असेल तर तो कोठें वांचवावा यालाही अक्कल लागते. मागचे टायर जुने चालतील, रंग नसला तरी चालेल, भोंग्यासारखा सायलेन्सर तर नकोच. परंतु पुढचे टायर, ब्रेक, घट्ट बोल्टांनीं बसविलेलें आसन, पट्टा, हेल्मेट, आणि टपाखालीं नळ्यांचा मजबूत पिंजरा, यांत एक रुपयाही कमी करूं नये. आमचीं मुलें नेमकें उलट करितात: पहिला पैसा आवाजास, दुसरा दिव्यांस, आणि पट्ट्याची पाळी येतच नाहीं. पाहणाऱ्यांनीं वळणाच्या बाहेरच्या अंगास कदापि उभें राहूं नये. हातची सुटलेली गाडी तिकडेच जाते.

वडिलांच्या पिकअपचें हाउसिंग उघडून आंत नवीं दंतचक्रें बसविलीं गेलीं. त्याचे पैसे मुलगा दिवाळीपर्यंत गोण्या भरून फेडीत होता. नंतर दोघे एकत्रच आमच्याकडे आले. भंगारांतला एक छोटा हत्ती त्यांनीं पाहून ठेविला आहे, आणि बापाच्याच दोन एकर पडीक रानांत वळण आंखावयाचें आहे. त्रिज्या किती धरावी, असें मुलगा विचारीत होता. बापानें विचारिलें, विहीर किती दूर ठेवावी. शाळेची मोजपट्टी घेऊन येत्या रविवारीं दुपारीं येतों, असें आम्हीं त्यांस सांगितलें आहे.