बदली त्यांचीही होते

कोलकात्याच्या बाहेर हुगळीकाठी वीटभट्ट्या आहेत. पावसाळा सरला की बिहार-झारखंडातून कुटुंबं येतात. मजुरी हजार विटांमागे, त्यामुळे कच्च्या विटा उलटायला पोरंही लागतात. ते पाहिलं की मला बीड आठवतं. तिथेही उचल नवरा-बायकोच्या ‘कोयत्या’वर, आणि शाळा ऐन भरात असताना, दिवाळीच्या सुमारास, घराला कुलूप. धाकट्याला सांभाळायला थोरली बरोबर जाते. हजेरीपटावर ती नुसती गैरहजर.

आम्हा फौजींची बदली वर्षाच्या मध्येच आली तरी केंद्रीय विद्यालय मुलांना घेतं. १९६३ मध्ये रेजिमेंटच्या २० शाळांपासून ही सोय सुरू झाली. ऊसतोड्याची तर दरवर्षी बदली, तीही महिना ठरलेली!

२०१६ च्या दुरुस्तीनं शाळेनंतर घरच्या धंद्यात मुलांची ‘मदत’ मान्य केली. फड काही ऊसतोड्याच्या घरचा नव्हे, पण मुकादमाला तेवढा शब्द पुरतो. गावातली हंगामी वसतिगृहं ट्रक भरण्याच्या आठवडाभर आधी उघडली पाहिजेत. आजी-आजोबा नसलेली आई पोरीला कुलूपबंद घराच्या भरवशावर कशी ठेवेल?